फ्लेक्स काढला तरी चार दिवसांत पुन्हा लागतो? तक्रार फ्लेक्सची नको, सांगाड्याची करा

आमच्या चौकात एक जुनं कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्या शेजारी महावितरणची डीपी आणि डीपीसमोर रस्त्याचा दुभाजक. त्या दुभाजकात कुणीतरी दोन लोखंडी अँगल सिमेंटमध्ये गाडले होते, वर आडवे तीन पाइप वेल्ड केले होते. साधारण दहा बाय पंधरा फुटांचा सांगाडा. आज त्यावर कुणाचा वाढदिवस, उद्या कुणाची निवड, परवा एखाद्या क्लासचा निकाल. निकालाच्या दिवसांत तर लातूर असो की नांदेड, आपल्याकडं चौक दिसतच नाहीत, नुसते लेकरांचे पासपोर्ट फोटो आणि खाली मार्क.

माझं झेरॉक्सचं दुकान त्याच चौकात आहे. दोन वर्षांत मी त्या जागेच्या अकरा तक्रारी केल्या. तक्रार केली की फ्लेक्स जायचा आणि आठवड्याच्या आत त्याच पाइपांवर दुसरा यायचा. मोबाइलवर मात्र प्रत्येक वेळी एकच उत्तर : 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' तुमच्याकडंही असंच होत असेल तर पुढचं वाचा. माझ्या बाराव्या अर्जानं तो सांगाडा बुडापासून गेला. आधीच्या अकरांत मी काय चुकीचं लिहीत होतो, ते मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर एका पोराला इजा झाली नसती.

मे महिन्यातली गोष्ट. सायंकाळी पाचच्या सुमाराला अवकाळी वारा सुटला. फ्लेक्सच्या वरच्या दोन कड्या फाटल्या, तो एका बाजूनं लोंबायला लागला आणि बाइंडिंगची तार सुटून रस्त्यावर आली. ट्यूशनहून सायकलवर येणाऱ्या नववीतल्या पोराच्या गळ्याला ती तार लागली. पोरगं पडलं, गळ्यावर लाल रेघ उमटली, कोपर सोलून निघालं. मागून येणाऱ्या रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. मी त्याला दुकानात बसवून पाणी दिलं. रडत नव्हतं ते, पण घोट घेताना हात थरथरत होते. त्या रात्री मी माझ्या सगळ्या जुन्या तक्रारी आणि त्यांची उत्तरं काढून एकापुढं एक ठेवली. तेव्हा गोम कळली.

गोम अशी. फ्लेक्सचं आयुष्य तीन-चार दिवसांचं असतं आणि तक्रारीचा प्रवास त्याहून लांब. व्हॉट्सॲपवर किंवा ॲपवर टाकलेला फोटो आधी महापालिकेच्या मुख्यालयात जातो, तिथून झोनला म्हणजे विभागीय कार्यालयाला, झोनमधून पथकाला. पथक येईपर्यंत वाढदिवस होऊन गेलेला असतो आणि पाइपांवर दुसराच फ्लेक्स असतो. मग अहवालात लिहिलं जातं, 'स्थळ पाहणी केली असता छायाचित्रातील फलक आढळून आला नाही.' हे खोटं नसतं. तुम्ही फोटो पाठवला वाढदिवसाचा, तिथं लागलेला आहे क्लासचा. कागदोपत्री तुमची तक्रार संपली. माझ्या अकरापैकी सहा तक्रारी अशा संपल्या होत्या.

दुसरं कारण मला पथकातल्या एका पोरानंच सांगितलं. बांबूला विळा बांधून तो फ्लेक्सच्या दोऱ्या कापत होता. मी विचारलं, "हा सांगाडा का नाही नेत?" तो म्हणाला, "काका, आमच्याकडं विळा हाय, कटर नाही. अँगल काढायचं तर बांधकामवाल्यांची गाडी लागते, गॅस लागतो. आम्हाला आदेश फलक काढायचा." माझ्या अर्जात 'फलक' लिहिलेलं, म्हणून आदेशात फलक, म्हणून ट्रॅक्टरमध्ये फलकच गेला. रिकामा सांगाडा चौकात उभा राहिला की पुढच्या माणसाला फक्त फ्लेक्स छापून आणून सुतळीनं बांधायचा असतो. अर्ध्या तासाचं काम. सांगाडा नसेल तर त्यालाच खड्डा खणून, सिमेंट कालवून, वेल्डिंगवाला बोलावून चारचौघांत उभारावा लागेल. तेवढं धाडस फार थोडे करतात.

आणि तिसरं, सगळ्यांच्या ओळखीचं : टोलवाटोलवी. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, दुभाजक महापालिकेचा, खांब महावितरणचा. एकाकडं गेलात की तो दुसऱ्याचं नाव सांगतो. यावर उपाय एकच, अर्ज एकच ठेवायचा आणि प्रती सगळ्यांना द्यायच्या. कुणाच्या हद्दीत येतं ते त्यांनी आपसात ठरवावं, आपण ते ठरवत बसायचं नाही.

आता काय करायचं ते सांगतो.

आधी फोटो. एक लांबून, आजूबाजूची दुकानं, झाड, सिग्नल दिसतील असा. एक सांगाड्याच्या बुडाचा, म्हणजे अँगल जिथं सिमेंटमध्ये गेलाय तिथला. हा फोटो कुणीच काढत नाही आणि सगळ्यात जास्त कामाला तोच येतो, कारण हे तात्पुरतं बांधलेलं नसून कायमचं बांधकाम आहे ते त्यातच दिसतं. एक फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्याचा, कारण छापणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा तिथं बारीक अक्षरात असतं. फोटोवर तारीख, वेळ, ठिकाण उमटवणारं जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप वापरा, फुकट मिळतं. मग आठ-पंधरा दिवस थांबून, दुसरा फ्लेक्स लागल्यावर त्याच जागेवरून तसाच फोटो पुन्हा काढा. एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या तारखांना वेगवेगळे तीन फ्लेक्स असे तीन फोटो शेजारी शेजारी लावले की 'फलक आढळून आला नाही' हे उत्तर देताच येत नाही.

बरोबर टेप नेऊन रुंदी मोजा, जमिनीपासून खालच्या पाइपची उंचीही मोजा. आमचा खालचा पाइप साडेचार फुटांवर होता, सायकलवरच्या लेकराच्या मानेच्या उंचीला. अर्जात मी हा आकडा पहिल्या चार ओळींत टाकला. जवळच्या विजेच्या खांबावर किंवा डीपीवर क्रमांक असतो, तोही लिहा. 'चौकाजवळ' म्हटल्यावर पथकाला चार कोपरे फिरावे लागतात, खांब क्रमांक दिला की एकच जागा उरते.

माझ्या बाराव्या अर्जाचा मजकूर देतो. हवा तसा बदलून घ्या :

'विषय : दुभाजकावरील विनापरवाना कायमस्वरूपी लोखंडी सांगाडा मुळासकट हटविण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी विनंती की, … चौकातील दुभाजकावर, विद्युत खांब क्र. … समोर, अंदाजे १० x १५ फूट मापाचा लोखंडी सांगाडा सिमेंटमध्ये पक्का बसविलेला आहे. त्याचा खालचा पाइप जमिनीपासून ४.५ फुटांवर असून वाहनचालकांच्या जीवितास धोका आहे. दि. … , दि. … व दि. … रोजी सदर सांगाड्यावर वेगवेगळे फलक लावलेले आढळले (छायाचित्रे जोडली आहेत). माझी तक्रार कोणत्याही एका फलकाबाबत नसून सांगाड्याबाबत आहे. सबब, केवळ फलक काढून तक्रार निकाली न काढता सांगाडा पायासह हटवावा, दुभाजक पूर्ववत करावा आणि हटविल्यानंतरचे छायाचित्र मला द्यावे. सदर जागेस परवानगी दिली असल्यास परवाना क्रमांक व मुदत कळवावी. माझे नाव गोपनीय ठेवावे, ही विनंती.'

'माझी तक्रार कोणत्याही एका फलकाबाबत नसून सांगाड्याबाबत आहे' ही ओळ काढू नका. सगळं काम तिचं आहे.

अर्जात कुणाचं नाव, पक्ष, संघटना काही लिहू नका. फलकावर कोण आहे त्याच्याशी आपल्याला घेणं नाही, जागेशी आहे. नाव लिहिलं की अर्ज अधिकाऱ्याच्या टेबलावरून त्या माणसाच्या कार्यकर्त्यापर्यंत जायला वेळ लागत नाही आणि रस्त्याचा प्रश्न बाजूला राहून वैर सुरू होतं. हे मी अनुभवानं सांगतोय. तिसऱ्या अर्जात मी नाव लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी चार पोरं दुकानात येऊन उभी राहिली. काही केलं नाही, फक्त उभी राहिली. पण गिऱ्हाईक आत यायचं थांबलं.

अर्ज ऑनलाइन टाकलात तरी एक प्रत हातानं कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का देताना टाळाटाळ झाली तर पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. प्रती कुणाला? महापालिका असेल तर आयुक्त आणि झोनचे अधिकारी. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना इथं महापालिका आहेत. बीड, धाराशिव, हिंगोली आणि तालुक्याच्या गावांत नगरपरिषद किंवा नगरपंचायत, तिथं मुख्याधिकारी. खेड्यात ग्रामपंचायत, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे ग्रामसेवक) अर्ज आणि प्रत गटविकास अधिकाऱ्याला. एक प्रत पोलीस ठाण्याला, एक रस्ता ज्या विभागाचा त्याला. धुळे-सोलापूरसारख्या राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीत सांगाडा असेल तर महामार्गाच्या जमिनीवरचं अतिक्रमण काढायला २००२ चा स्वतंत्र कायदा आहे, तिथं महामार्ग प्रशासनाकडंच जावं लागतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण अर्जात एखादं कलम असलं की अर्ज नीट वाचला जातो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ यात कलम २४४ आणि २४५ जाहिरात फलकांची. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय फलक लावता येत नाही. याच कायद्याखाली २०२२ मध्ये फलकांसाठी नवे नियम आले. शिवाय महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड किरकोळ वाटेल, पण पोलिसांत गुन्हा नोंदला जातो याची धास्ती मोठी असते. आणि मुंबई उच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०१७ चा निकाल. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर तो दिला गेला. राज्यभरातल्या बेकायदा फलकांबाबत, तक्रारी घेण्याची सोय आणि हटवणाऱ्या पथकाला पोलीस संरक्षण यांबाबत त्यात महापालिका-नगरपालिकांना आदेश आहेत. अर्जाच्या शेवटी 'जनहित याचिका क्र. १५५/२०११ मधील आदेशानुसार' एवढे शब्द टाका.

'ही माझी गच्ची आहे, मी काहीही लावीन' असं ऐकायला मिळतं. तसं नाही. रस्त्यावरून दिसणाऱ्या जाहिरातीला खासगी इमारतीवरही परवानगी लागते आणि मोठ्या सांगाड्याच्या मजबुतीचं प्रमाणपत्रही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, १७ माणसं गेली. त्याच्या आधी १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडजवळ किवळ्यात पाच जण गेले, वाऱ्या-पावसात आडोशाला म्हणून ती माणसं होर्डिंगखाली थांबली होती. आपल्याकडं वळवाचा वारा कसा येतो हे सांगायला नको. आभाळ भरून आलं की दहा मिनिटांत पत्रे उडतात. मार्च सरायच्या आत गच्चीवरच्या मोठ्या होर्डिंगची तक्रार द्या, मे उजाडायची वाट बघू नका.

उलट बाजूही सांगतो. दुकानदारानं आपल्याच दुकानावर लावलेली नावाची पाटी हा वेगळा विषय आहे. चहाच्या टपरीवरच्या हातभर बोर्डाची तक्रार करून कुणाचं भलं होत नाही, पथक मात्र तिथं लगेच जातं, कारण तिथं भांडायला कुणी नसतं. माझ्या एका जुन्या मोघम अर्जामुळं समोरच्या मोसंबी रसवाल्या मावशींचा बोर्ड उचलून नेला आणि सांगाडा जागेवरच राहिला. मी स्वतः झोनमध्ये जाऊन त्यांचा बोर्ड सोडवून आणला. अर्जात जागा नेमकी लिहा म्हणतो ते यासाठीही.

विजेच्या खांबाला किंवा डीपीच्या कुंपणाला फ्लेक्स बांधला असेल तर तक्रार महावितरणच्या १९१२ वर आणि जवळच्या शाखा कार्यालयात, त्याच दिवशी. ओल्या फ्लेक्सची तार आणि विजेची तार यांत हातभर अंतर असतं. झाडाला खिळे ठोकून बोर्ड लावला असेल तर शहरात वृक्ष प्राधिकरण आहे. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात झाड तोडणं म्हणजे बुंध्यावर कुऱ्हाड घालणं एवढंच नाही, झाडाला इजा करणंही त्यात येतं. आमच्या लिंबाला अठ्ठावीस खिळे होते. ते काढताना खिळ्याच्या भोवतीचं खोड काळं पडलेलं दिसलं.

एक गोष्ट कधीच करू नका. रात्री जाऊन स्वतः फ्लेक्स फाडू नका, ब्लेड मारू नका. जयंती-उत्सवाच्या फलकाला तर बोटसुद्धा लावू नका. त्यावर ज्यांचा फोटो असतो ते लोकांच्या काळजातले असतात, फाटलेला कोपरा सकाळी कुणाच्या नजरेस पडला तर गावात काय होईल ते आपल्याला माहीत आहे. उत्सव होऊन जाऊ द्या, मग रिकाम्या सांगाड्याचा फोटो काढा आणि अर्ज द्या. रिकाम्या सांगाड्याच्या तक्रारीनं कुणाच्या भावना दुखावत नाहीत. माझा बारावा अर्ज सांगाडा रिकामा असतानाच दिलेला होता.

निवडणुकीच्या काळात मार्ग वेगळा. लोकसभा-विधानसभेची आचारसंहिता लागली की निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तिथंच उभं राहून फोटो काढायचा, शंभर मिनिटांत कारवाईचं बंधन असतं. सरकारी मालमत्तेवरचे फलक २४ तासांत, बसस्थानक-रस्त्यांसारख्या सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत हटवायचे असतात. तेव्हा फ्लेक्स झटपट निघतात, पण सांगाडे तसेच राहतात. आचारसंहिता संपायच्या आत सांगाड्याचा अर्ज देऊन ठेवला तर यंत्रणा हाताशी असते.

अर्ज देऊन पंधरा दिवस झाले आणि काही हललं नाही, तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून आटोपशीर लिहा. मी चारच गोष्टी मागितल्या : या जागेवर फलक लावायला परवानगी दिली असल्यास तिची प्रत, त्यापोटी भरलेल्या शुल्काची पावती, माझ्या अर्जावर कुणी काय शेरा मारला त्या टिपणीची प्रत आणि स्थळ पाहणीचा अहवाल. 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायचं बंधन या कायद्यात नाही, तिथंच अर्ज फेटाळला जातो. कागद मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर प्रथम अपील, तिकीट वीस रुपयांचं. त्यापुढं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडं.

मला सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं : 'सदर ठिकाणी या कार्यालयाकडून कोणतीही परवानगी देण्यात आलेली नाही.' या एका ओळीनं दोन वर्षांचं घोंगडं सुटलं. ज्या सांगाड्याला परवानगीच नाही हे कार्यालय स्वतः लेखी सांगतंय, तो उभा ठेवायला आता कारण उरलं नव्हतं. ते उत्तर मी अर्जाला जोडून लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी समोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी, दिलं. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, हे विसरलात तर महिना जातो.

सांगाडा खरोखर झुकलेला असेल, नट निघालेले असतील, तर एवढं सगळं करत बसू नका. प्रांत कार्यालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज द्या. सार्वजनिक ठिकाणचा धोका हटवण्याचा सशर्त आदेश दंडाधिकारी त्याखाली काढू शकतात. आणि त्याच क्षणी ११२ वर फोन करा.

आमच्या चौकात गाडी आली एका बुधवारी, सकाळी साडेसातला. दोन माणसं, गॅस कटर, सोबत एक पोलीस. वीस मिनिटांत दोन्ही अँगल कापले. पण कापले दुभाजकाच्या वर चार बोटं ठेवून. अंधारात कुणी पडलं तर ते टोक पोटात जाईल असं. मी अर्जाची प्रत घेऊन गेलो आणि 'पायासह' या शब्दावर बोट ठेवलं. मुकादम म्हणाले, "आज ब्रेकर आणला नाही, सोमवारी येतो." सोमवारी आले नाहीत. मी त्या टोकांचा फोटो काढून जुन्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन एका ओळीचं स्मरणपत्र दिलं. गुरुवारी ब्रेकर आला, सिमेंट फोडून बुडखे निघाले, वर नवीन काँक्रीट पडलं.

याला आता सात महिने झाले. मागच्या महिन्यात समोरच्या कोपऱ्यावर बांबू आणि सुतळीचा एक नवीन सांगाडा उभा राहिला. मी त्याच अर्जात खांब क्रमांक, माप आणि तारीख बदलली. पहिले दोन फोटो काढून झालेत, तिसरा येत्या रविवारी काढून सोमवारी अर्ज आवकला देणार आहे.